गोरखमुंडीचं तोरण

आमच्या गावात दमणारी माणसं संपली होती. उरले होते मी एकटी.

त्या हिवाळ्यात मी शाळेच्या बसमध्ये झोपायचे, प्रार्थनेला उभ्याउभ्या झोपायचे, आणि एकदा तर भूगोलाच्या तासाला उत्तर देता देता झोपले. वाक्य सुरू केलं तेव्हा वैनगंगा भंडारा जिल्ह्यात होती, डोळे उघडले तेव्हा अख्खा वर्ग हसत होता आणि वैनगंगेचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही.

"कापगते," सर म्हणाले, "तुझ्या गावची माणसं विजेवर चालल्यासारखी चालतात. तूच तेवढी डिस्चार्ज कशी?"

"सर, चार्जर वाटले तेव्हा मी झोपले होते."

वर्ग पुन्हा हसला, पण आता माझ्या बाजूने. वर्षभरापूर्वी असं उत्तर माझ्या तोंडून निघालं नसतं. तेव्हा मी हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही घाबरायचे. आता मी हर्षाली कापगते, दहावी ब, वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली. फरक कशाने पडला ते पुढे येईलच. आणि चार्जरची ती गंमत जवळजवळ खरी निघाली, तेही येईल.

आमचं खैरबोडी म्हणजे तलाव आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, यांच्या मधोमध बसलेलं गाव. धान कापून झालं की बांधीत जी ओल मागे राहते तिच्यावर गोरखमुंडी उगवते. आम्ही तिला नुसतं मुंडी म्हणतो. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्याच कुळातली, पण त्या कुळातली गरीब नातेवाईक. वीतभर उंची, खरबरीत पानं, आणि खेळायच्या कंच्याएवढं गोल जांभळं फूल. दिसतं एक, पण असतं शंभर बारीक फुलांचं गाठोडं. या कुळाची ही सवयच आहे, सगळ्यांनी मिळून एक दिसायचं. शेळी तिला तोंड लावत नाही, हात लावला तर बोटं चिकट होतात. माझ्या लहानपणी ती तण होती. उपटायची आणि बांधावर फेकायची.

फक्त म्हाताऱ्या बायका ते फूल चुरगळून हुंगायच्या आणि म्हणायच्या, डोकं हलकं होते.

नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या नागपुरे मॅडम त्या एका वाक्याच्या मागे लागल्या. त्यांनी शोधलं ते असं. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. ते जितकं साचेल तितकं आपल्याला दमल्यासारखं वाटतं, आणि झोपलं की ते निचरून जातं. चहा-कॉफी थोडा वेळ त्याची जागा अडवून ठेवते, पण त्यासाठी ती रक्तातून फिरून यावी लागते. मुंडीच्या वासातला एक रेणू एवढा फेरा घेतच नाही. नाकाच्या नसा थेट मेंदूत जातात, त्या वाटेने तो आत शिरतो आणि 'मी दमलो' हे जिथे समजतं, तो कोपरा शांत करतो. शरीर दमायचं ते दमतंच. निरोप तेवढा पोहोचत नाही.

मॅडमनी जास्त वासाची रोपं निवडत निवडत सातव्या पिढीत जी जात काढली तिचं नाव मुंडी-सात. एका कंपनीने तिच्यापासून नाकाखाली लावायची पट्टी बनवली. नर्सबाई, ट्रकवाले, पूर आल्यावर धावणारी पथकं यांच्यासाठी. सहा तासांत पट्टीचा वास संपतो, मग माणसाने झोपायचं असा नियम. फुलं कुठली? आमच्या बांध्यांतली. जी आम्ही फेकत होतो, ती आता रोपं लावून, पाणी देऊन, हाताने खुडायची. टोपल्या भरल्या की कंपनीचा ड्रोन येऊन उचलून न्यायचा.

खुडताना वास नाकात जाऊ नये म्हणून कंपनीने कोळशाच्या थराचे मास्कही दिले होते. बायकांनी ते एक दिवस लावले. दुसऱ्या दिवशी टोपलीच्या तळाशी गेले. तोंड बांधून सावड कशी करायची?

सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या बांधीत, उद्या सगळ्यांनी माझ्या. ओळीने उभं राहायचं, प्रत्येकीच्या वाटची एक पात, आणि सगळ्यांनी बरोबरीने पुढे सरकायचं. गाणं, चेष्टा, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या जावयाचं. सावडीत सुट्टीची वेळ ठरलेली नसते. एक जण बसली की सगळ्या बसतात, आणि बसलेलीची पात दुसरीने ओढायची नाही. आमच्या सावडीत पहिल्यांदा नेहमी शेवंता आजी बसायची. तिचे गुडघे हेच आमचं घड्याळ होतं. तिने "हाय माय" म्हटलं की सगळ्या जणी बांधावर.

मुंडी आली आणि आजीचे गुडघे बोलायचे बंद झाले.

तरी शेतातल्या वासाने एवढं काही झालं नसतं. बायका संध्याकाळी घरी आल्या असत्या, वास उतरला असता, झोपल्या असत्या. झालं ते तोरणाने. नवं धान आलं की आमच्याकडे लोंब्यांची वीण घालून ती दाराला टांगतात. चिमण्या खातात, दार शोभतं, पिकाचा मान राहतो. आता मुंडी हेही पीकच ना? पहिल्या खुडणीची फुलं बायकांनी लोंब्यांमध्ये गुंफली आणि प्रत्येक चौकटीला तोरण बांधलं. जांभळं आणि सोनेरी. दिसायला इतकं सुंदर, की कंपनीच्या माणसाने फोटो काढून नेले.

त्या दिवसापासून खैरबोडीत कोणी नीट झोपलं नाही, आणि कोणाला त्याचं काही वाटलंही नाही. पहाटे अंगणं सारवलेली असायची. पोरं शाळेतून येऊन कबड्डी, कबड्डीवरून येऊन क्रिकेट. मी मात्र त्या सगळ्या धामधुमीत उशी कानावर दाबून पडायचे. घरातल्या भांड्यांच्या आवाजाने जाग यायची, सकाळी डोळे वाळूने भरल्यासारखे व्हायचे. मला कोणी आळशी म्हटलं की मी मान्य करून टाकायचे. वाद घालायलाही ताकद लागते.

आणि खरं सांगायचं तर मला तक्रार करायची नव्हती. कारण आई.

बाबा राजस्थानात सोलरच्या प्लँटवर आहेत, दिवाळीला येतात. घरात आम्ही दोघीच. आधीची आई बांधीवरून आली की पायरीवर बसायची. पाय धुवायला पाणी दिलं तरी पाय तसेच पुढे टाकून बसायची. मी शाळेतलं काही सांगायला लागले की ती "हं" म्हणायची, पण ते "हं" माझ्या वाक्यात भलत्याच ठिकाणी पडायचं. 'आणि मग बाईंनी' एवढ्यावर "हं", आणि बाईंनी काय केलं त्यावर काहीच नाही. हळूहळू मी सांगणं सोडलं. शाळेत मला अबोल म्हणायला लागले. मी अबोल नव्हते, मला बोलायची सवय राहिली नव्हती.

तोरणानंतरची आई पायरीवर बसतच नव्हती. हातपाय धुवायची आणि म्हणायची, "हं, सांग. सुरुवातीपासून." गावच्या तलावांवरचं माझं भाषण तिने इतक्यांदा ऐकलं की तिला माझ्याआधी पाठ झालं. ती बाबांचा गॉगल लावून परीक्षक व्हायची, खुर्चीत रेलायची आणि नाकातून बोलायची, "कापगते, हात कायले हलवून राहिली? पोहता येत नाही का?" मी हसून हसून वाक्य विसरायचे. ती विसरलेलं वाक्य पुढे करायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत स्टेजवर उभी राहिले तेव्हा मला समोर चारशे माणसं दिसलीच नाहीत. गॉगल लावलेली एक बाई दिसली.

असा फरक पडला होता.

संक्रांत झाली आणि लांजेवार काकू पडल्या.

सावड त्यांच्याच बांधीत होती. शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी बांधावर अर्धवट झोपून गप्पा ऐकत होते. काकू जावयाची गोष्ट सांगत होत्या. जावई पुण्याला, नाकाखाली पट्टी लावून काम करणारा.

"जावई म्हणते, आई, पट्टी लावली का मले झोपच येत नाही. म्या म्हटलं, येत नाही तं भांडी घास ना बापा. कायले फोन करून राहिला?"

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या, आणि हसत हसतच आपल्या पातीवर आडव्या झाल्या. बायकांना वाटलं, नकल करून राहिली. शेवंता आजी तर म्हणाली, "उठ व, ढोंगी." मग त्यांच्या ओठांचा रंग दिसला.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलंय. काकू म्हणाल्या, पण मी कुठे थकली? एवढं बोलून त्या झोपल्या आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. दवाखान्याच्या दाराला तोरण नव्हतं.

चौकशीला नागपुरे मॅडम स्वतः आल्या. बारीक अंगाच्या, लाखांदूरकडच्या, म्हणजे आमच्याच भागातल्या, तोंडाला मास्क. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. किती दिवसांनी माझ्यासारखं कोणीतरी दिसलं होतं.

त्या घरोघर जाऊन सगळ्यांची नाकं तपासत होत्या. आमच्या घरी त्यांनी तीन बाटल्या काढल्या. मी डोळे मिटून हुंगल्या.

"लिंबू. रॉकेल. आणि हे पाणी."

"पुन्हा बघ."

"पाणीच आहे मॅडम."

त्यांनी बाटली आईसमोर धरली. आई लगेच म्हणाली, "मुंडी. बांधीतल्यापेक्षा कडक."

मॅडमनी मला जवळ बसवलं. "नाकात वेगवेगळी कुलपं असतात, जवळजवळ चारशे जातींची. वास म्हणजे किल्ली. योग्य कुलपात गेली तरच मेंदूला कळतं. प्रत्येक माणसात एखाददुसरं कुलूप बसवायचं राहून गेलेलं असतं, आणि आयुष्यभर पत्ताही लागत नाही. तुझ्यात नेमकं मुंडीचं राहिलंय. म्हणून तू दमतेस."

"म्हणजे माझ्यात बिघाड आहे?"

"या गावात सध्या बिघाड नसलेली तूच आहेस."

मग त्यांनी आईच्या मनगटाला पट्टा बांधला. आकडा बघितला. पट्टा सोडून दुसऱ्या मनगटाला बांधला. पुन्हा बघितला आणि पट्टा हातातच ठेवून म्हणाल्या, "ताई, तुमचं हृदय सारखं डोंगर चढतंय. तुम्हाला मात्र सपाट रस्त्यावर असल्यासारखं वाटतंय. किती तास झोपता?"

"पडतो ना थोडं."

"शेतातल्या वासाने एवढं होत नाही. तुम्ही फुलं घरी आणता का?"

"कायले आणू? टोपल्या मोजून जातात," आई म्हणाली. आणि तिला खरंच वाटत होतं की ती खोटं बोलत नाहीये.

मॅडम जायला उठल्या. चौकटीत त्यांचं डोकं तोरणाला लागलं. त्यांनी वर पाहिलं, मग गल्लीतल्या बाकीच्या दारांकडे पाहिलं, आणि आमच्या पायरीवर बसल्या. आई जशी आधी बसायची, अगदी तशा.

"नव्या पिकाचं आहे मॅडम," आई म्हणाली. "दाराले नको?"

"माझी आईसुद्धा लावते धानाचं," मॅडम म्हणाल्या. "कंपनीने फोटो पाठवला होता मला. किती छान दिसतंय, असं मी उत्तरही पाठवलं. पट्टीचा वास सहा तासांत उडेल एवढं बघायला आम्ही दोन वर्षं घेतली. आणि वाळलेलं फूल महिनोन् महिने वास देतं. ते तुमच्या उशाशी टांगलेलं होतं."

त्यांनी समाजमंदिरात सगळ्यांना बोलावून समजावलं. थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरत नाही, असं सांगितलं. तोरणं काढा, मास्क लावा, झोपा. बायकांनी ऐकून घेतलं. शेवटी कोणीतरी विचारलं, "काढलं तं थकवा परत येईन?"

"येईल. साचलेला सगळा येईल."

काढू, काढू म्हणत सगळ्या उठल्या. दुसऱ्या दिवशी बसच्या खिडकीतून मी पाहिलं, गल्लीत एकही तोरण हललेलं नव्हतं. आमचंही नाही.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती.

"आई, तोरण काढते मी."

"राहू दे."

"मॅडम म्हणाल्या ना..."

"ऐकलं म्या. बहिरी नाही." तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "तुले एक सांगू? मी दमून येत होती ना, तेव्हा तू बोलायचीस ते मले दुरून ऐकू यायचं. मी विहिरीच्या तळाशी आणि तू वर काठावर, असं. समजत होतं का पोरगी काही सांगून राहिली. पण वर चढता येत नव्हतं. आता येते. आणि तू म्हणतेस, काढ."

"पण तुला काही झालं तर?"

"मले काय होते? पाय बघ, हात बघ. तूच झोप जरा. डोळे बघ कसे झाले." तिने भाकरी उलटली. "तुयी नागपूरची स्पर्धा होऊ दे. मंग पाहू."

जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना हरवलेली मी, एकही मुद्दा न मांडता पाटावर बसून राहिले. स्पर्धा महिन्यावर होती. तोवर रोज संध्याकाळी गॉगल लावणारी आई मलाही हवी होती. एकच महिना, असं मी मनाशी म्हटलं, आणि भाकरी खाल्ली.

दोन दिवसांनी सकाळी ती माझी वेणी घालत होती. मी तिला एका पोरीचं आणि पीटीच्या सरांचं भांडण सांगत होते. पेड घालता घालता तिचे हात थांबले. आरशात तिचे डोळे उघडे होते, पण त्यांत कोणी नव्हतं. घराचे दिवे चालू असावेत आणि माणसं निघून गेलेली असावीत, तसे ते डोळे. मी "आई" म्हटलं. पुन्हा म्हटलं. मोठ्याने म्हटलं तेव्हा ती परत आली आणि हसली.

"हं. मंग परीक्षक काय म्हणाले?"

परीक्षकांचं मी काही सांगतच नव्हते. ते जुनं "हं" होतं, भलत्या जागी पडलेलं. आई वर चढून आली नव्हती. विहीर तीच होती, फक्त तिला खोली दिसेनाशी झाली होती.

रविवारी सावड आमच्या बांधीत होती. मीही गेले. ओढणी कमरेला बांधली आणि एक पात घेतली. बायकांनी कौतुक केलं. लांजेवार काकूंची जागा ओळीत रिकामीच ठेवली होती, कोणी काही न सांगता. थोडं खुडलं तोच माझी कंबर बोलायला लागली, मग मान, मग डोळे. रोज मी हे दाबून टाकते. त्या दिवशी दाबलं नाही. पातीच्या मधोमध खाली बसले.

"काऊन व, काटा भरला का?" बाजूच्या पातीवरून आवाज आला.

"नाही. दमले."

तो शब्द त्या बांधीत कितीतरी महिन्यांनी आला होता. बायका त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशा बघत राहिल्या.

"आत्ताच तं आलो."

"शाळेतली पोट्टी. माइक दिला असता तं दमली नसती."

"राहू दे, तिची पात मी घेतो."

"माझी पात कोणी घ्यायची नाही," मी म्हटलं. "सावडीत बसलेलीची पात ओढत नाहीत. एक बसली की सगळ्या बसतात."

"ते लेकरांसाठी नाही व."

"असं कुठे म्हटलंय?"

शेवंता आजी पुढे गेली होती. ती वळून परत आली, सत्तरीची बाई, पोरीसारखी झपाझप. माझ्याकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे.

"माया गुडघ्यासाठी तुम्ही इतकी वर्षं बसल्या," ती म्हणाली. "तेव्हा तुमचे गुडघे दुखत होते का?" आणि माझ्याशेजारी बसली. मग हसत, कुरकुरत, एकमेकींना ढकलत एकेक करून सगळ्या बसल्या.

आई उभीच होती. तिला राग आला होता, आणि लाजही वाटत होती. "घरी जाऊन झोप मंग. लोकांचा खोळंबा कायले करतेस?"

"आई, बस."

"मले काहीच झालं नाही."

"मी तुझ्या निम्मंही काम करत नाही. रात्री थोडी तरी झोपते. तरी माझं हे असं झालंय, बघ माझ्याकडे." मी उन्हात तोंड वर केलं. "तर तुझं काय झालं असेल?"

ती बघत राहिली. मग तिने हातातली फुलं टोपलीत टाकली आणि खाली बसली.

मी टोपल्यांच्या तळाचे मास्क काढून वाटले. बसायचंच आहे तर लावा, मी म्हटलं, नाहीतर बसण्याचा उपयोग नाही. तलावाच्या पाळीवर आंब्याखाली गेलो. वारा पाण्याकडून येत होता. सुरुवातीला त्या मास्कमधूनच चेष्टा करत होत्या, मी पोलीस झाले, मी डॉक्टर झाले. मग बोलणं विरळ झालं. एकीने पाय लांब केले. एकीने मान झाडाला टेकवली. शेवंता आजीने गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "हाय माय." जुनी ओळखीची माणसं भेटावीत तशी म्हणाली.

थकवा त्यांच्यावर एकेक करून आला. काही रडल्या, का ते त्यांनाही कळलं नाही. बहुतेक झोपल्या, बोलता बोलता, मास्क तसाच. आईने माझा हात धरला. तिचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला, गाल खाली आले, डोळे आत गेले, आणि ती पायरीवरची बाई परत आली. मी तिला ओळखलं.

"हर्षू," ती म्हणाली, "पाय दुखतात माये."

"हो."

"बम दुखतात."

तिचं डोकं माझ्या मांडीवर आलं. मी भाषण सुरू केलं, "अध्यक्ष महाशय, आमच्या पूर्वजांनी तलाव बांधले तेव्हा..." पुढचं वाक्य यायच्या आत ती झोपली होती. मी पुढचं सगळं म्हटलं. बांधीवर ड्रोन आला, न भरलेल्या टोपल्यांवर घिरट्या घातल्या, पीप पीप केलं आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी आई दारात खूप वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "स्टूल आण." तोरणातली मुंडी तिने एकेक करून उपटून काढली. लोंब्या ठेवल्या. "चिमण्या येतात," म्हणाली.

पुढचे दिवस काही चांगले गेले नाहीत. अख्खं गाव आजाऱ्यासारखं झोपलं. चुली उशिरा पेटायच्या, गुरं दावणीला हंबरायची, माणसं एकमेकांवर वसकायची. आईच्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. ती पुन्हा पायरीवर बसायला लागली. मी सांगायचे आणि "हं" भलत्या जागी पडायचं. एकदा मी रागाने म्हटलं, तू ऐकतच नाहीस. ती म्हणाली, नाही ऐकत, जीवच नाही अंगात. त्या संध्याकाळी मी, तोरणातली उपटून फेकलेली मुंडी अजून उकिरड्यावर आहे का ते बघायला गेले. होती. जांभळी, वाळलेली, मला वास न येणारी. मी ती उचलली. हातात धरून उभी राहिले. मग टाकून दिली आणि हात घासून घासून धुतले.

नागपूरला आई आली होती. सभागृहात तिसऱ्या रांगेत बसली. माझं नाव पुकारलं तेव्हा तिची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं. शेजारची बाई तिला उठवायला गेली. मी स्टेजवरून हातानेच नको म्हटलं. परीक्षकांना वाटलं असेल, ही भाषणाची सुरुवात आहे. मला तिसरा नंबर मिळाला. आईला मी परतीच्या बसमध्ये सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. अर्ध्यापर्यंत जागी होती.

मुंडी आम्ही सोडली नाही. मास्क लावून खुडतो. पण मास्कमधूनही थोडा वास जातोच, त्यामुळे बांधीत कोणाला आपलं आपल्याला नीट कळत नाही. सुट्टीच्या दिवशी सावडीत मी असते, मी दमून बसले की सगळ्या बसतात. मला आता कोणी आळशी म्हणत नाही, पण आवडतं काम आहे असंही नाही. सगळ्यांच्या वाटचं दमायचं म्हणजे काय, ते मला विचारा.

जूनमध्ये मी अकरावीला नागपूरला जाणार. पुढच्या हिवाळ्यात कसं, हे कोणी बोलत नव्हतं.

हंगामाची शेवटची खुडणी होती. दवाखान्यातून परतलेल्या लांजेवार काकू बांधावर बसल्या होत्या. कामाला नाही, तोंड चालवायला. आई माझ्या शेजारच्या पातीवर. ती मध्येच थांबली, माझ्याजवळ आली, चिकट बोटांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. मी काही म्हटलं नव्हतं. अजून बसलेही नव्हते.

तिने बराच वेळ बघितलं. मग मास्क जरा खाली ओढला.

"चला व, बसा," तिने हाक दिली. "दमलो आपण."

कोणालाच तसं वाटत नव्हतं. सगळ्या बसल्या.